जाताना उतार, येताना चढ

विमानाचं तिकीट काढायला आलेलं माणूस आमच्या भागात आधी अंतर विचारतं, भाव नंतर. "ताई, मस्कत किती लांब हाय?" सुरुवातीला मी शहाण्यासारखी किलोमीटर सांगायची. समोरचं माणूस मान डोलवायचं आणि पुन्हा विचारायचं, "ते झालं, पण लांब किती?" मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. पोलादपूरच्या डोंगरात किलोमीटर घेऊन करायचं काय? पलीकडची वाडी समोर दिसते, इकडून हाक मारली तर तिकडून ओ येते, पण मध्ये दरी असते आणि चालत जायला अर्धा दिवस मोडतो. तिथे लांब म्हणजे वेळ. मग मीही वेळच सांगायला लागले. मस्कत अडीच तास, दुबई तीन तास, कोची दोन तास. हे ऐकलं की माणूस खुश. "म्हंजे मुंबैपरीस जवळ," असं म्हणून खुर्चीत नीट टेकून बसायचं. आणि ते खोटंही नव्हतं. आमच्याकडून मुंबईचा विमानतळ गाठायला कधी पाच तास लागतील आणि कधी सात, ते हायवेचं काम करणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

मी नंदा. महाडच्या एसटी स्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान होतं. पाटीवर इंग्रजी नाव होतं, पण डोंगरातल्या लोकांत मी 'विमानवाली ताई'. आधी टायपिंग आणि झेरॉक्स करायचे. बाहेरदेशी जाणाऱ्यांचे कागद टाइप करता करता तिकिटांकडे वळले. दुकान एवढंसं. एक टेबल, कॉम्प्युटर, तीन खुर्च्या आणि प्लास्टिकचा पृथ्वीचा गोल. हा गोल पुराच्या पाण्यात दोनदा तरंगला आणि दोनदा वाचला, त्यामुळे त्याच्यावरचा हिंदी महासागर आमच्या सावित्री नदीसारखा गढूळ दिसायचा. गेल्या वर्षी दुकान भाचीच्या हाती दिलं. आता लोक मोबाइलवर स्वतःच तिकीट काढतात आणि चुकलं की भाचीकडे येतात. त्यामुळे धंदा बरा चालला आहे.

बाहेरच्यांना वाटतं, तिकीट काढलं की आमचं काम संपलं. तिकीट काढणं हे पाच मिनिटांचं काम. खरं काम असतं ते उलटं मोजत येण्याचं. विमान चारला, म्हणजे विमानतळावर एकला. रस्ता सहा तासांचा, म्हणजे सातला निघायचं. गाडी वाडीपर्यंत चढत नाही, म्हणजे खाली रस्त्यापर्यंत उतरायला अर्धा तास. शिवाय देवीला नारळ, थोरामोठ्यांच्या पाया पडणं आणि रडारड, याला एक तास. रडारडीचा तास मी कायम धरायचे. एकदा एका नव्या नवऱ्याने सांगितलं, ताई, आमच्याकडे कोणी रडत नाही, तो तास काढून टाका. मी काढला नाही आणि बरं झालं. बायको रडली नाही, आई रडली नाही, हा स्वतःच गोठ्यात बैलाच्या गळ्यात पडून रडत बसला आणि त्याला बाहेर काढता काढता गाडीवाला कंटाळला.

तारखेचं काम वेगळंच. आमच्याकडे मोठा प्रवास देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवीला कौल लावतो. म्हणजे मूर्तीवर फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि उजवीकडचं फूल आधी पडतं की डावीकडचं ते बघत बसायचं. उजवं पडलं की परवानगी. पूर्वी लोक कौल घेऊन थेट माझ्याकडे यायचे, "देवीनं मंगळवार दिलाय." मंगळवारी नेमकं विमान नसायचं, किंवा असलं तर भरलेलं. माणूस हटून बसायचा, कंपनी ऐकायची नाही, आणि मी मध्ये. शेवटी एकाला मी सांगून पाहिलं की देवीला एकच वार विचारू नका, हे तीन वार विचारा, त्यातला ती देईल तो घेऊ. गुरवाला ही युक्ती इतकी पटली की पुढे तोच लोकांना सांगू लागला, आधी ताईकडून तीन वार घेऊन या, मग फुलं लावू. देवी आणि विमान कंपनी यांचं असं माझ्या दुकानात जमलं, ते आजतागायत बिघडलेलं नाही.

एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. उमरठच्या एका बाईंचा मुलगा कोचीला कामाला लागला. त्याच्या पहिल्या प्रवासाआधी बाई दुकानात आल्या आणि विमान आपल्या डोंगरावरून जातं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साधारण आपल्या बाजूनेच जातं, डाव्या खिडकीतून सह्याद्री दिसतो. झालं. बाईंनी त्या दिवशी खळ्यावर आपलं लाल लुगडं पसरलं, चार कोपऱ्यांना दगड ठेवले आणि पोराला दिसावं म्हणून स्वतः बाजूला होऊन उभ्या राहिल्या. कोचीला उतरल्यावर मुलाचा फोन आला, दिसलं. पुढच्या तिकिटाला तो माझ्याकडे आला तेव्हा मी कौतुकाने विचारलं. तो हसायला लागला. त्याला मधली जागा मिळाली होती आणि खिडकीतला माणूस पडदा ओढून झोपला होता. "पण आईला नाय दिसलं असं कसं सांगू? आता ती दरवेळी पसरते." तेव्हापासून त्याच्यासाठी डावी खिडकी मिळवणं हा मी माझा धर्म मानला. चौथ्या की पाचव्या खेपेला तो गावी आला तेव्हा आधी दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, या टायमाला खरंच लाल दिसलं." मी म्हटलं, नक्की? तर म्हणाला, आता नक्कीच म्हणायचं. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी चहा पाजला.

आता मूळ गोष्टीकडे येते. तिच्यात दोन म्हातारे आहेत आणि एक फणस.

कापडे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथले रामचंद्र उतेकर म्हणजे रामूतात्या. भातशेती, चार गुरं, आणि एकुलती लेक मनीषा. मनीषा लॅबचं शिक्षण घेऊन दुबईला नोकरीला लागली. तिचं पहिलं तिकीट मीच काढलं. तात्या ते हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. मुंबईहून चारला निघणार, दुबईला साडेपाचला पोचणार. तात्या म्हणाले, ताई, तुम्ही तर तीन तास म्हणाला होतात. मी म्हटलं, तीनच तास, पण तिकडचं घड्याळ दीड तास मागे आहे. तात्यांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं. वर्षाने मनीषा सुट्टीवर यायची होती, तिचं परतीचं तिकीट आलं. तिकडून सकाळी सहाला निघणार, मुंबईला साडेदहाला पोचणार. तात्यांनी बोटांवर मोजलं. जाताना दीड तास, येताना साडेचार. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"समजलं, ताई. जाताना उतार हाय आणि येताना चढ."

मी गोल काढला. मोबाइलची बॅटरी लावली. हा सूर्य, ही पृथ्वी, ही अशी फिरते, आपल्याकडे उजेड आधी येतो, दुबईला नंतर. तात्यांनी सगळं मन लावून ऐकलं, चहा संपवला आणि मग मला समजावलं. त्यांच्या वाडीवर ऊन येतं तेव्हा खाली कापड्यात अजून सावली असते. का, तर कापडं खोलात आहे. जे गाव खोलात, तिथे सूर्य उशिरा. दुबईला सूर्य दीड तास उशिरा येतो, म्हणजे दुबई किती खोलात असेल बघा. मग जाताना गाडी उतारानेच जाणार. माझा गोल बरोबर आहे, फक्त मी तो टेबलावर सपाट ठेवलाय म्हणून मला उतार दिसत नाही, असं त्यांनी मोठ्या मायेने सांगितलं.

मी हार मानणारी नव्हते. विमानतळावर काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मला सांगितलं होतं की दुबईला जाताना बहुतेक वेळा वारा समोरून लागतो, म्हणून खरं तर जातानाच काही मिनिटं जास्त जातात. मी ते मुद्दाम तात्यांसाठी जपून ठेवलं आणि ते आले तेव्हा ऐकवलं. तात्या म्हणाले, "घाट उतरताना गाडी हळूच उतरवतात, ताई. ब्रेक दाबून." कशेडी घाटात उतारावर पालथे पडलेले ट्रक मीही पाहिले होते.

आणि गंमत अशी की तात्यांचा हिशेब कधी चुकायचा नाही. लेकीने फोनवर सांगायचं, सहाला विमान आहे. तात्या त्यात चढाचे साडेचार तास मिळवायचे आणि साडेदहा म्हणायचे. विमान साडेदहालाच टेकायचं. शिकलेली माणसं तीन तास मिळवून नऊ म्हणायची आणि विमानतळावर ताटकळत उभी राहायची. मी त्यांना किती वेळा सांगितलं तरी घड्याळातला फरक ऐनवेळी विसरला जायचाच. चढ मात्र कोणी विसरत नाही.

वाडीत तात्यांच्या शेजारचं घर यशवंत काकांचं. त्यांचा मुलगा मस्कतला, म्हणजे तेही माझेच गिऱ्हाईक. पण तात्या दुकानात असले की यशवंत काका समोरच्या सुपारीच्या दुकानाच्या वळचणीला उभे राहायचे, आणि काका असले की तात्या. दोन्ही अंगणांच्या मधोमध, बांधावर, एक फणस होता. त्याच्या एका फांदीवरून कधी काळी काहीतरी झालं आणि तेव्हापासून दोघांत शब्द नाही. मी एकदा यशवंत काकांना सहज चढ-उताराचं सांगितलं. काका म्हणाले, "रामा येडा हाय. विमानाला कसला आलाय चढ?" साऱ्या पंचक्रोशीत तात्यांना रामा म्हणणारा हा एकच माणूस, आणि तोच त्यांच्याशी बोलत नव्हता. त्यात देवाची करणी अशी की वाडीत मोबाइलची रेंज फक्त त्या फणसाखाली. त्यामुळे संध्याकाळी बुंध्याच्या एका अंगाला तात्या दुबईशी बोलत उभे, दुसऱ्या अंगाला काका मस्कतशी. दोघांना दोघांच्या घरातलं सगळं ठाऊक, आणि ओळख असल्याची खूण म्हणून नाही.

मला माझ्या धंद्याचं एक वाईट वाटतं, ते इथेच सांगून टाकते. मी जितकी तिकिटं काढली तितकी माणसं या वाड्यांमधून कमी झाली. पूर्वी ती मुंबईला जायची, पण शनिवारच्या एसटीने परत दिसायची. माझ्या गिऱ्हाइकांची घरं मी नंतर पाहिली. स्लॅब झाली, रंग झाले आणि आत दोन म्हाताऱ्या माणसांचा स्वयंपाक. मला कोणी बोल लावला नाही. उलट फणसपोळी आणून द्यायचे. तरी ती खाताना मी कधी कधी त्या घरात आता किती माणसं उरली ते मोजत बसायचे.

पण शिमगा आला की ही सगळी माणसं परत. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि वाडीवाडीतल्या प्रत्येक घरी जाते. घराचं माणूस घरात हवंच. त्या दिवसांतली तिकिटं काढताना मी जेवायचंही विसरायची, आणि तेच माझे सगळ्यात आनंदाचे दिवस.

मनीषाचं लग्न झालं, नवरा सचिन तिकडेच नोकरीला, आणि बरीच वर्षं मूल नाही. दोन शिमग्यांपूर्वी तात्यांनी पालखीपुढे नवस बोलला. लेकीला मूल झालं तर पुढच्या खेपेला तू माझ्या दारात येशील तेव्हा मायलेकरं तुझ्या पालखीखालून जातील. आणि मूल झालं. आर्वी. तात्या पेढे घेऊन पोलादपूरहून महाडला आले, तेव्हा एसटीचा संप चालू होता, पण त्यांच्या आरोळीने मला वाटलं तो मिटला.

पुढच्या शिमग्याला मनीषाला रजा मिळाली ती अगदी मोजकी. पालखी तात्यांच्या वाडीत यायची त्याच सकाळचं विमान, त्याआधीचं एकही जमेना. सहाला निघणार. गावकीची बैठक बसली तेव्हा तात्यांचा मुंबईवाला पुतण्या महेश हजर होता. त्याने मोबाइल काढला आणि सगळ्यांना वाचून दाखवलं, दुबई ते मुंबई अंतर इतकं, उड्डाणाचा वेळ तीन तास. म्हणजे सहाचं विमान नऊला. अडीचपर्यंत मनीषा वाडीत. गावकीने ठरवलं, मग पालखी तीनच्या सुमारास तात्यांच्या दारी येईल असं बघू. तात्या म्हणाले, येताना चढ आहे, साडेदहा वाजतील. बैठक हसली. तात्या रागावले नाहीत, पण पुन्हा बोललेही नाहीत. हे सगळं मला कळलं ते प्रत्यक्ष त्या दिवशी. तात्यांनी मला आग्रहाने बोलावलं होतं, की ताई, नात तुमच्याच तिकिटावर येते, तुम्ही पाहिजेच.

मी पोचले तेव्हा अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, पुरणाचा वास. महेश मात्र फणसाखाली फोन कानाला लावून उभा आणि चेहरा उतरलेला. विमान साडेदहाला टेकलं होतं. बॅगा घेऊन बाहेर पडायला साडेअकरा. आणि शिमग्याचा हायवे. मी मनातल्या मनात तास मोजले. पाचच्या आत पोचणं कठीण होतं. पालखी दिवेलागणीच्या आत खाली सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, परत गेली पाहिजे. घरांचा क्रम मानाचा, तो मोडत नाही. एकदा दार ओलांडून पुढे गेलेली पालखी मागे वळत नाही. म्हणजे नवस वर्षभर डोक्यावर राहणार, आणि पुढच्या शिमग्याला मनीषाला रजा मिळेल याची खात्री कोणी द्यावी?

महेश म्हणाला, मी जाऊन मानकऱ्यांना थांबायला सांगतो. तात्यांनी त्याचा हात धरला. "देवीला थांब म्हणणारे आपण कोण? गाव तिच्या मागं उपाशी फिरतंय." एवढं बोलून ते ओटीवर जाऊन बसले. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. माझ्या गोलाचा, कॉम्प्युटरचा, कशाचाच त्या वेळी उपयोग नव्हता.

फणसाच्या पलीकडच्या अंगाला यशवंत काका उभे होते. कानाला फोन होता, पण बोलत काहीच नव्हते. जरा वेळाने त्यांनी फोन खिशात टाकला, धोतर सावरलं आणि गुडघा दुखत असतानाही पालखीच्या दिशेने पाऊलवाट चढू लागले.

वरच्या अंगाला खालुबाजा वाजत होता. ढोल, सनई, ताशे. पालखी आमच्यापासून आठ घरं लांब होती. तासाभराने मी कान दिला तरी बाजा तिथल्या तिथेच. मी बायकांबरोबर वर बघायला गेले. पहिल्याच अंगणात पालखी टेकलेली आणि घरमालक गाऱ्हाणं घालत होता. गाऱ्हाणं म्हणजे देवीपुढे हात जोडून घरातलं सुखदुःख सांगायचं, आणि ते संपेपर्यंत पालखी उचलायची नाही. एरवी दोन मिनिटांत आटपतं. हा गृहस्थ गेल्या वर्षी हरवलेल्या बोकडापासून सुरू झाला होता आणि अजून शेळ्यांवरच होता. पुढच्या घरी एका आजींनी मोबाइलचा टॉवर मागितला, मग कुठे बांधायचा त्याची जागाही देवीला सविस्तर सांगितली. तिसऱ्या घरच्या सुनेने सासऱ्यांसमोर सासऱ्यांचंच गाऱ्हाणं घातलं आणि सासऱ्यांनी लगेच उलट घातलं. गुरव गंभीर चेहऱ्याने सगळं ऐकत होता. मी शेजारच्या बाईला विचारलं, हे काय चाललंय? ती पदराआड हसत म्हणाली, "येसवंत काकांनी सांगितलंय, गाऱ्हाणी पोटात ठेवू नका. आज सगळी घाला."

कोणी तात्यांचं नाव काढलं नाही. मनीषाचं नाही, विमानाचं नाही. देवीला कोणी थांब म्हटलं नाही. फक्त सगळ्या वाडीला त्या दिवशी एकदम बोलायचं आठवलं होतं.

शेवटी पालखी यशवंत काकांच्या अंगणात आली, म्हणजे तात्यांच्या दाराच्या एक घर अलीकडे. ऊन उतरत चाललं होतं. काकांना गाऱ्हाणं जमत नव्हतं, ते फार बोलणारे नव्हतेच. त्यांनी दोन शब्दांत मस्कतच्या मुलाला सुखी ठेव म्हटलं आणि झालं. मी खालच्या रस्त्याकडे पाहिलं, गाडीचा पत्ता नव्हता. मग काका पुढे झाले, त्यांनी दांडीखाली स्वतःचा खांदा दिला आणि बाजेवाल्यांना सांगितलं, "वाजवा. मी सांगीपर्यंत थांबू नका."

पालखी नाचायला लागली. खांद्यावर, मग डोक्यावर, मग मांडीवर. पोरं बदलत होती, एक दमला की दुसरा. काका हटले नाहीत. गुडघ्यावर पट्टा बांधलेला तो माणूस अंगणभर गोल फिरत होता आणि घामाने सदरा अंगाला चिकटला होता. एका मानकऱ्याने सूर्याकडे बोट दाखवलं. काकांनी बघितलं नाही. ओटीवरून तात्या उठून फणसापर्यंत आले होते आणि पलीकडे बघत उभे होते. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

मग महेश ओरडला. खाली वळणावर पांढरी गाडी दिसत होती. आमच्या रस्त्याला तीन वळणं आहेत आणि तिन्ही वळणांवर ती गाडी आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी वर ओढली. जिथे रस्ता संपतो तिथून मनीषा चढ चढत पळत आली. एका हातात आर्वी, केस सुटलेले, मागे सचिन बॅगा घेऊन. अंगणातल्या बायकांनी कोणी तिला ओटीचं ताट दिलं, कोणी पदर सारखा केला. ती धापा टाकत म्हणाली, "तात्या, गेली का पालखी?" तात्या म्हणाले, "नाय गो मने. आत्ताच येतेय."

त्याच वेळी यशवंत काकांनी खांदा काढला. पालखी उचलली आणि मानाप्रमाणे, न चुकता, पुढच्या दारी आली. भोयांनी ती खांद्यावर उंच धरली. मनीषा लेकीला छातीशी घेऊन वाकली आणि तिच्याखालून गेली. आर्वी अजिबात रडली नाही. पालखीच्या झालरीचा गोंडा तिच्या हाताला लागला, तो तिने घट्ट पकडला आणि सोडेना. सगळी वाडी हसली. गुरवाने हळूच एकेक बोट सोडवलं. तात्यांचं गाऱ्हाणं सगळ्यांत छोटं झालं. "तू आलीस, ती आली. माझं काय मागणं नाय."

बाजा वाजत खालच्या वाटेला लागला, सहाणेकडे. दिवे लागायला अजून अवकाश होता. मी मागे वळून पाहिलं तर यशवंत काका फणसाच्या मुळीवर बसलेले, पाय पसरून, छाती वरखाली होत होती. तात्या घरातून तांब्या घेऊन आले. बुंध्यापाशी क्षणभर थांबले, मग वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेले आणि तांब्या पुढे केला. काकांनी घटाघटा अर्धा तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि वर न बघता म्हणाले,

"केवढा रे हा चढ, रामा."

तात्या त्यांच्या शेजारी मुळीवर टेकले. "येताना चढच असतोय, येसवंता. मी सांगत व्हतो."

मी दोन पावलांवर उभी होते. घड्याळातल्या फरकाबद्दल एक शब्द बोलले नाही.